टीवाय जिऑलॉजी चालू आहे, "लोकांना जाऊन भेट" म्हणतात, पण भेटून विचारायचं काय?

बार्शीकर_पोरगा:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मी टीवाय बीएस्सी जिऑलॉजी, गाव बार्शी तालुक्यात, कॉलेज सोलापूरला. खरं सांगायचं तर जिऑलॉजी मी घेतली नाही, ती मला मिळाली, केमिस्ट्रीच्या जागा भरल्या होत्या म्हणून. पण दुसऱ्या वर्षी फील्डला गेलो आणि आवडायला लागली. आता घरी रोज एकच विषय, पुढे काय. वडील म्हणतात एमपीएससी कर, मामा म्हणतो पुण्यात जीआयएसचा (कॉम्प्युटरवर नकाशे करायचं काम) सहा महिन्यांचा कोर्स कर लगेच चिकटशील, आणि वर्गातले निम्मे एमएस्सी करणार आहेत कारण दुसरं काही सुचत नाही म्हणून.

आमच्या मॅडम म्हणाल्या एवढं डोकं खाजवत बसण्यापेक्षा या लाईनमधल्या आठ-दहा माणसांना जाऊन भेट, नोकरी मागू नको, त्यांचं काम कसं चालतं तेवढंच विचार, याला इन्फर्मेशनल इंटरव्ह्यू म्हणतात. ऐकायला भारी वाटलं. मग मी काय केलं, एका ऑफिसात थेट जाऊन धडकलो (नाव नको), ओळख ना पाळख, हातात बायोडाटाची फाईल. साहेब डबा घेऊन जेवायला निघालेले. म्हटलं सर थोडी माहिती पाहिजे होती, जिऑलॉजीला स्कोप आहे का. ते म्हणाले स्कोप काय सगळ्यालाच आहे, मग फाईलकडे बघितलं आणि म्हणाले सध्या व्हेकन्सी नाही. दोन मिनिटांत बाहेर. एसटीचं भाडं गेलं ते गेलंच.

तर विचारायचं हे की कोणाला गाठायचं, मेसेजमध्ये लिहायचं काय आणि समोर बसल्यावर विचारायचं काय? घरी शेती आणि पिठाची गिरणी, या लाईनमधलं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. लोक खरंच वेळ देतात का?

—

नगरी_मिरची:

भावा स्पष्ट बोलतो राग मानू नको. हे असलं सगळं अमेरिकेत चालतं, तिकडे कॉफी प्यायला बोलावतात. आपल्याकडे शिपाई आत सोडत नाही. ओळख असेल तर जा नाहीतर अभ्यास कर, परीक्षा दे.

—

मांजऱ्या_खडक:

मिरचीराव, ओळख लागते हे खरं, पण ओळख काय आभाळातून पडते का, ती अशीच भेटून होते ना.

बार्शीकर, मी १४ वर्षं भूजलात आहे, आधी एका संस्थेत होतो आता स्वतःचं काम करतो. मला पोरांचे मेसेज येत असतात म्हणून या बाजूने सांगतो. बहुतेकांचा मेसेज असतो "सर प्लीज गाईड मी". बास, एवढाच. अरे कशावर गाईड करू, लग्नावर का घरबांधणीवर? असल्या मेसेजला मी अंगठा दाखवतो आणि विसरून जातो, खोटं कशाला बोलू.

तुझी चूक झाली ती फाईलची. फाईल दिसली की समोरचा माणूस मनातल्या मनात नाही म्हणायची तयारी सुरू करतो, कारण जागा त्याच्या हातात नसते आणि पोराला तोंडावर नाही म्हणायचं कोणालाच आवडत नाही. फाईल घरी ठेव. एक वही आणि पेन ने. आणि जेवायच्या वेळेला कोणाकडे जाऊ नये हे तुला आईने सांगायला पाहिजे होतं 😄

दुसरं म्हणजे तो स्कोप. हा शब्द डोक्यातून काढून टाक. स्कोप विचारलास की प्रत्येक जण भाषण देतो नाहीतर उडवून लावतो. त्यापेक्षा असं विचार, "सर मागच्या आठवड्यात सोमवारपासून शनिवारपर्यंत तुम्ही काय काय केलंत?" मला हे एका पोरीने विचारलं होतं तीन-चार वर्षांपूर्वी, अजून लक्षात आहे कारण मलाच आठवून सांगावं लागलं. सोमवार मंगळवार विहिरींची पातळी मोजली, म्हणजे टेप विहिरीत सोडायचा, टोक पाण्याला टेकलं की आकडा बघायचा, त्यातून कठड्याची उंची वजा करायची, वहीत लिहायचं, गाडी काढायची, पुढची विहीर. कुठे कठड्यावर गांधीलमाशांचं पोळं, कुठे मालक घरी नाही आणि कुत्रं मोकळं. बुधवारी ग्रामपंचायतीत सरपंचाची वाट बघत तीन तास बसलो, सरपंच आलेच नाहीत. गुरुवार शुक्रवार लॅपटॉपवर नकाशा. शनिवारी रिपोर्ट, आणि रिपोर्टमध्ये मराठी फॉन्ट बिघडला म्हणून परत रिपोर्ट. तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, तिला वाटत होतं आम्ही रोज हातोडी घेऊन डोंगरावर असतो. पण त्या दिवशी तिला जे कळलं ते कॉलेजच्या तीन वर्षांत नव्हतं कळलं, हे तिचेच शब्द.

दुसरा प्रश्न, "या कामात वैताग कशाचा येतो?" हा शेवटी विचार, चहा आल्यावर. माझा वैताग सांगून टाकतो, नारळ. मी दोन दिवस शेत फिरून, शेजारच्या विहिरी बघून सांगतो की इथे खाली अखंड काळा पाषाण आहे, भेगा नाहीत, बोअर घेऊ नका. शेतकरी हो हो म्हणतो आणि संध्याकाळी पाणाड्या आणतो, तळहातावर नारळ उभा राहिला की तिथे बोअर. बहुतेक वेळा फुफाटाच निघतो, म्हणजे नुसती कोरडी पावडर. पण एका गावात नारळाच्या जागी दोन इंची पाणी लागलं आणि मी सांगितलेली जागा कोरडी गेली, त्या गावात मला अजून चहासुद्धा देत नाहीत. हे सहन होत असेल तर भूजलात ये.

कोणाला गाठायचं. तुझ्या जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं ऑफिस आहे, जीएसडीए म्हणतात ती, १९७२ च्या दुष्काळाच्या काळात सुरू झालेली, मुख्यालय पुण्यात. प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ भूवैज्ञानिक बसतात. त्यांची माणसं वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजायला निघतात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तिथे जाऊन माहिती पाहिजे म्हणू नको, एक दिवस तुमच्याबरोबर विहिरी मोजायला येऊ का, वही मी लिहितो, असं म्हण. उन्हात वही लिहायला माणूस मिळाला तर कोण नको म्हणेल.

आणि एक फुकटचा सल्ला. सगळ्यात आधी बोअरच्या गाडीवाल्याला भेट. गाडी बहुतेक तमिळनाडूची असते, तिरुचेंगोडची, ऑपरेटर हिंदी तोडकं मोडकं बोलतो. पण बाहेर उडणाऱ्या पावडरच्या रंगावरून तो सांगतो की आता गेरू (लाल थर) लागला, आता मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक) लागला, आता खाली काळा पाषाण आहे. हा गेरूच तुझ्या पुस्तकात रेड बोल म्हणून आहे ना, तो तिथे तुझ्या चपलेवर येऊन पडतो. त्याच्यापुढे तुला लाजायचीही गरज नाही, म्हणून पहिली प्रॅक्टिस तिथे कर.

मेसेज असा पाठव, कॉपी केलास तरी चालेल:

"नमस्कार सर, मी अमुक, टीवाय बीएस्सी जिऑलॉजी, सोलापूर. तुमचा नंबर अमुक मॅडमनी दिला. नोकरीसाठी मेसेज करत नाहीये. पुढे भूजलात जावं का ते ठरवतोय, म्हणून या कामाचा रोजचा दिवस कसा असतो ते तुमच्याकडून ऐकायचं होतं. वीस मिनिटं फोनवर किंवा तुम्ही म्हणाल तिथे येऊन. मंगळवारी किंवा गुरुवारी चारनंतर जमेल का? नाही जमलं तरी हरकत नाही."

नंबर कोणी दिला ते लिहायलाच पाहिजे. आणि वीस मिनिटं म्हणालास तर विसाव्या मिनिटाला वही मीट. समोरचाच म्हणतो बस रे.

—

बोगद्यातला_उंदीर:

वर भूजलाचं झालं मी इंजिनिअरिंग जिऑलॉजीचं सांगतो, साईटवरून टाईप करतोय शुद्धलेखन बघू नका

मी बोगद्यावर आहे नाव सांगत नाही, आमचं काम म्हणजे ब्लास्ट झाला की धूर बाहेर काढतात मग सुटे दगड पाडून घेतात मलबा उचलतात आणि मग मला आत बोलावतात की बघ फेस (खोदलेल्या टोकाचा उघडा खडक) कसा आहे, तेव्हा माझ्या मागे शॉटक्रीटची (खडकावर काँक्रीट फवारायची) मशीन चालू होऊन उभी असते आणि फोरमन घड्याळ दाखवत असतो, तेवढ्या वेळात भेगा किती दिशा कुठली पाणी गळतंय का सगळं कागदावर उतरवायचं आणि आकडा काढायचा कारण त्या आकड्यावर ठरतं की बोल्ट किती ठोकायचे, आणि बोल्ट जास्त म्हणजे खर्च जास्त म्हणजे सगळे माझ्याकडे बघणार. मी खडक वाईट आहे म्हणालो की ठेकेदार नाराज, चांगला म्हणालो आणि वरून काही पडलं की मी आत. हे कॉलेजात कोणी सांगत नाही बार्शीकर. आणि हे रात्री अडीचला पण असतं, शिफ्ट असते.

मला कोणी भेटायला आलं तर मी एवढंच म्हणीन की झोपेचं विचारा. पगाराचं सगळे विचारतात झोपेचं कोणी विचारत नाही. सुट्टी किती दिवसांनी, साईटवर राहायला काय, जेवण मेसचं का, बायको पोरं कुठे. माझी मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत मी तिला व्हिडिओ कॉलवरच बघितलं जास्त.

पण एक आहे, फेसवर टॉर्च मारल्यावर जो खडक दिसतो तो त्या मिनिटापर्यंत कोणीच बघितलेला नसतो. सहा वर्षं झाली, अजून मजा येते. भेटायचं असेल तर सुट्टीवर पुण्यात आलो की भेटू, आत साईटवर सहज सोडत नाहीत, परवानगी हेल्मेट बूट इन्डक्शन सगळं लागतं, कॉलेजचं पत्र असेल तर जमू शकतं.

पगार विचारायचाच असेल तर तुम्हाला किती मिळतो असं विचारू नको, तुमच्याकडे नवीन पोरगा लागला तर साधारण कितीवर घेतात असं विचार, लोक सांगतात.

—

दगडातून_डेटात:

मी थोडी उलटी बाजू सांगते. तू जे आठ-दहा जण शोधशील ना त्यात निदान दोघं असे पकड जे ही लाईन सोडून गेलेत. आत असलेला माणूस आपल्या कामाबद्दल वाईट बोलताना हात राखून बोलतो, आणि बरेचदा त्याला स्वतःलाच ते मान्य करायचं नसतं. सोडलेला मोकळा असतो.

मी सोडलेल्यांपैकी. एमएस्सी जिऑलॉजी, मग दोन वर्षं विदर्भात ड्रिलिंग साईटवर कोअर लॉगिंग. काम म्हणजे खालून खडकाचे दंडगोल निघतात, ते पेटीत ओळीने लावायचे, पाणी मारायचं (ओला केला की रंग कळतो), टेपने मोजायचे, १० सेंटीमीटरपेक्षा मोठे तुकडे किती त्यांची बेरीज करून टक्का काढायचा, हाच आरक्यूडी, खडक किती अखंड आहे त्याचा आकडा, मग वर्णन लिहायचं. पहिले दोन महिने स्वर्ग वाटला. मग सगळे दगड सारखे दिसायला लागले. ऊन ४५ च्या वर, टॉयलेट नाही (हा प्रश्न मुलींनी पहिल्याच भेटीत विचारावा, लाजू नये, मी विचारला नव्हता). शेवटी काँट्रॅक्ट संपलं, पुढचं मिळालं नाही, आता पुण्यात जीआयएसमध्ये आहे.

आणि तुझ्या मामाला सांग, सहा महिन्यांच्या कोर्सने चिकटतात काही जण, पण पहिलं वर्ष बहुतेक सॅटेलाईट इमेजवर घरं रस्ते तलाव ट्रेस करण्यात जातं, दिवसाला इतके पॉलिगॉन असं टार्गेट असतं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आधी डाऊनलोड करून स्वतःच्या गावाचा नकाशा करून बघ. आठ दिवस टिकलास तर कोर्सचे पैसे भर. कोर्सवाल्यांकडे जाशील तेव्हा त्यांनी दाखवलेल्या पोराशी बोलू नको, मागच्या वर्षीचे दोघं स्वतः शोधून काढ. मी ज्या क्लासला गेले होते त्यांनी ज्याचा फोटो भिंतीवर लावला होता तो आधीपासूनच नोकरीत होता, क्लासला आला होता फक्त सर्टिफिकेटसाठी 🙂

मुलींसाठी अजून एक, कोणी "संध्याकाळी निवांत भेटू" म्हणालं तर ऑफिसच्या वेळेत ऑफिसातच भेटायचं किंवा फोनवर. ज्याला खरंच मदत करायची असते तो फोनवरही करतो.

—

संत्रानगरी:

नागपूरला या ना भाऊ. जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) मध्य क्षेत्राचं ऑफिस इथेच, इंडियन ब्युरो ऑफ माईन्सचं मुख्यालय इथेच, मॉइल (मँगनीजच्या खाणी) इथेच, वेकोलि (कोळशाच्या खाणी) इथेच, केंद्रीय भूजल मंडळाचं क्षेत्रीय ऑफिस इथेच, एमआरसॅक (राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र) बी इथेच. आधी फोन लावून वेळ घे, दोन दिवस मुक्काम कर, चार-पाच माणसं भेटूनच जातील. फक्त मे महिन्यात नको येऊ.

एक गोष्ट कोणी सांगितली नाही म्हणून सांगतो. जीएसआयमध्ये जिऑलॉजिस्ट व्हायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा लागते आणि त्याला जिऑलॉजीतली मास्टर्स डिग्री पाहिजेच, बीएस्सीवर नाही होत. केंद्रीय भूजल मंडळाच्या हायड्रोजिऑलॉजिस्टचं पण तेच. म्हणून भेटायला जायच्या आधी एवढं वाचून जा. माझ्याकडे एक जण आला होता, "सर बीएस्सीवर जीएसआय होईल का" यातच त्याची पंधरा मिनिटं गेली, हे तर जाहिरातीतच लिहिलेलं असते. जे छापलेलं आहे ते माणसाला कशाला विचारायचं.

एमएस्सीचं ठरलं तर जॅमचा (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) जिऑलॉजीचा पेपर बघून ठेव, आयआयटी मुंबईत अप्लाइड जिऑलॉजी आहे.

—

नगरी_मिरची:

बरं मी माझे शब्द थोडे मागे घेतो, पूर्ण नाही. पण मला एक सांगा, हा पोरगा भेटला सगळ्यांना, वह्या भरल्या, आणि प्रत्येकाने वेगळं सांगितलं तर? एक म्हणतो झोप नाही, एक म्हणतो नारळ, एक म्हणते टॉयलेट नाही. डोकं जास्तच फिरणार.

—

मांजऱ्या_खडक:

फिरू दे की. आत्ता त्याचं डोकं वडील, मामा आणि वर्गातली पोरं फिरवतायत, त्यातल्या एकाने तरी बोअर बघितलाय का जवळून? आणि एक ध्यानात घे, त्या उंदीरभाऊने वैताग सांगितला तरी टॉर्चचं सांगताना त्याचं मन कुठे आहे ते कळलंच की. बोलताना माणूस कुठे रंगतो ते बघायचं, आणि ते ऐकताना आपण रंगतो का तेही.

वही घरी येऊन त्याच रात्री लिहायची हां, दुसऱ्या दिवशी निम्मं उडालेलं असतं. आणि भेटीनंतर आभाराचा मेसेज टाकायचा, गुड मॉर्निंगचे फोटो टाकायचे नाहीत. दोन-तीन महिन्यांनी "तुम्ही सांगितलं तसं अमुक केलं" एवढं कळव. मला असं कळवणारी आजवर हातावर मोजण्याइतकी पोरं, आणि ती सगळी मला नावानिशी आठवतात.

—

बार्शीकर_पोरगा:

सॉरी मंडळी उशीर झाला, मधे सबमिशन होतं. सगळ्यांचे खूप आभार. काय काय झालं ते सांगतो.

बोअरची गाडी शेजारच्या वस्तीवर आली होती, रात्री अकराला काम सुरू झालं ते पहाटे साडेतीनला संपलं. ऑपरेटर अण्णा भला माणूस. मी विचारलं मागच्या आठवड्यात काय केलं, तो हसला, बोलला "गड्ढा". पण मग पावडर हातात घेऊन दाखवायला लागला, १४० फुटाला लाल आली तेव्हा मी ओरडलोच गेरू गेरू, सगळे माझ्याकडे बघायला लागले. ३०० फूट जाऊन फुफाटा. शेतकऱ्याने डोक्याला हात लावला, तिथे माहिती विचारायची हिंमत झाली नाही, नुसता उभा राहिलो. घरी येऊन झोप लागली नाही, त्या माणसाने ऊस विकून बोअर घेतला होता.

मग मॅडमनी एका भूवैज्ञानिकांचा नंबर दिला, मांजऱ्या सरांचा मेसेज जसाच्या तसा पाठवला (मंगळवार गुरुवार पण तेच ठेवले). दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी फोन आला, ये म्हणाले. विसाव्या मिनिटाला वही मिटली तर खरंच म्हणाले बस की, चहा घे. एकूण दीड तास. वैताग विचारला तर म्हणाले "डेटा आहे रे, वाचणारं कोणी नाही" आणि बराच वेळ गप्प बसले. पुढच्या फेरीला विहिरी मोजायला न्यायचं कबूल केलंय.

एक गोची पण झाली. पुण्यात एका कन्सल्टंटना फोन केला, मी वेळ चुकीची लिहून घेतली होती, ते मीटिंगमध्ये होते, चांगले झापले. माफीचा मेसेज टाकलाय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. परत करू का फोन की सोडून देऊ?

क्यूजीआयएस टाकलं. चौथ्या दिवशी कंटाळा आला. मामाला अजून सांगितलं नाही.

उंदीरदादा, पुण्यात कधी येताय ते कळवा, कॉलेजच्या पत्राचं मॅडमना विचारलंय.

—

नगरी_मिरची:

त्या कन्सल्टंटला परत फोन नको करू, आठ दिवस जाऊ दे मग एकच मेसेज. आणि ऐक, माझा मावसभाऊ खाणीवर आहे चंद्रपूरकडे, ब्लास्टिंगचं बघतो. इनबॉक्समध्ये नंबर टाकतो, माझं नाव सांग. फाईल नेऊ नको 😅

—

बार्शीकर_पोरगा:

नाव सांगतो मिरचीदादा, थँक्यू!

काल वडील पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले, तुला एवढं विहिरीचं कळायला लागलंय तर आपल्या गिरणीमागच्या विहिरीला पाणी किती खोलवर आहे ते सांग बघू. दोरीला दगड बांधून मोजलं, कठडा वजा करून ९ मीटर २० आलं. म्हणाले मागच्या वर्षी किती होतं? आता ते कोणाला माहिती. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवलंय.